पाय पाळण्यात दिसत नाहीत

माझी भाची नऊ वर्षांची असताना मी तिला एका बॅले क्लासच्या निवडचाचणीला घेऊन गेले होते. बाईंनी तिला लाकडी जमिनीवर पालथं झोपवलं, तळपाय एकमेकांना जोडायला लावले आणि गुडघे दोन्हीकडे फाकवायला सांगितले. मुलं याला बेडूक म्हणतात. मग बाईंनी तिच्या कमरेखाली दोन्ही हात ठेवून हलकेच दाब दिला. जमीन आणि तिचं अंग यांच्यात चार बोटं अंतर राहिलं, ते काही मिटलं नाही. नंतर पाऊल हातात घेऊन त्यांनी त्याची कमान पाहिली, पाठीच्या कण्यावरून अंगठा फिरवला, मला विचारलं, "हिची आई किती उंच आहे? अंगानं कशी आहे?" सगळं मिळून सात-आठ मिनिटं. तेवढ्यात त्या मुलीला कुणी एकदाही नाचायला सांगितलं नाही. कोपऱ्यातला स्पीकर बंदच होता. शेवटी बाई माझ्याकडे वळल्या आणि तिच्यादेखतच म्हणाल्या, "मुलगी गोड आहे, पण हिप्स नाहीत."

रिक्षात बसल्यावर भाचीनं विचारलं, "मावशी, हिप्स म्हणजे काय गं? माझ्याकडे का नाहीत?"

त्या बाईंवर माझा राग नाही. ही तपासणी त्यांनी शोधून काढलेली नाही. पॅरिस ऑपेराची बॅलेशाळा १७१३ सालची, सेंट पीटर्सबर्गची वागानोवा अकादमी १७३८ सालची. जगातल्या या सगळ्यांत जुन्या आणि मानाच्या शाळांत आजही नऊ-दहा वर्षांच्या मुलांना आधी शरीराच्या चाळणीतून जावं लागतं. पॅरिसमध्ये वयाप्रमाणे उंची-वजनाचं कोष्टक असतं. पीटर्सबर्गमध्ये मुलांना नुसत्या चड्डीवर उभं करून पाय किती वर जातो, खुबा किती उघडतो, मान केवढी, हात केवढे हे परीक्षकांचं मंडळ पाहतं, मग डॉक्टर पाहतात. तालाची आणि नाचण्याची पारख तिथेही होते, पण ती शेवटच्या फेरीत. तिथवर पोचतात ती आधीच चाळून उरलेली मुलं. आपल्याकडच्या शहरांतले क्लास याच पद्धतीची उसनी, घाईची आवृत्ती चालवतात.

आपल्या भाषेत एक म्हण आहे, मुलाचे पाय पाळण्यात दिसतात. बॅलेच्या जगानं ही म्हण शब्दशः खरी मानली आहे आणि माझं म्हणणं आहे की ती चूक आहे. चांगला बॅले नर्तक कशानं होतो, याचं उत्तर नवव्या वर्षीच्या पायात लिहिलेलं नसतं. ते असतं कानात, आणि सांगितलेली चूक अंगात मुरवून घेण्याच्या ताकदीत. या दोन्ही गोष्टी टेपनं मोजता येत नाहीत आणि शिकवल्याशिवाय दिसतही नाहीत.

आधी शरीराबद्दल जे खरं आहे ते मान्य करायला हवं. बॅलेचा सगळा डोलारा टर्नआउटवर उभा आहे, म्हणजे दोन्ही पाय खुब्यापासून बाहेरच्या बाजूला वळलेले. भरतनाट्यमच्या अरमंडीतही खुबा असाच उघडतो, पण तिथे गुडघे वाकलेले असतात. बॅलेत सरळ उभं राहूनही पाय तसेच वळलेले लागतात, आणि एक पाय हवेत गेला तरी वळण सुटता कामा नये. खुब्याचा सांधा उखळीचा. उखळीचं तोंड कोणत्या दिशेला, मांडीच्या हाडाचा वरचा भाग किती पुढे पिळलेला, यावर पाय किती वळेल ते बऱ्याच अंशी ठरतं. हाड घासून बदलत नाही. ज्याचा खुबा कमी वळतो तो हट्टानं पावलं बाहेर फिरवतो, आणि ती तूट गुडघा आणि घोटा भरून काढतात. पंधराव्या-सोळाव्या वर्षी गुडघे धरून बसलेल्या मुली मी पाहिल्या आहेत. म्हणून "मेहनतीनं सगळं होतं" हे वाक्य मी कुणालाही सांगणार नाही. ते खोटं आहे आणि मुलांच्या सांध्यांना महागात पडतं.

तरीही दोन गोष्टी विसरल्या जातात. एक म्हणजे, ते हाड नवव्या वर्षी पक्कं झालेलं नसतं. जन्मताना मांडीच्या हाडाचा पीळ साधारण ३० ते ४० अंश असतो आणि वाढीबरोबर उतरत मोठेपणी १५ अंशांच्या आसपास येतो. मधल्या वाटेवर असलेल्या मुलाला पालथं पाडून, अंतर बोटांनी मोजून, कायमचा निकाल द्यायचा हे कशाच्या बळावर? बाराव्या-तेराव्या वर्षी तर हाडं भराभर लांब होतात, स्नायू मागे राहतात, कालपर्यंत कानाला लागणारा पाय आज कमरेवर अडतो. शाळेनं दहाव्या वर्षी निवडलेलं प्रमाणबद्ध शरीर चौदाव्या वर्षी वेगळंच होऊन बसतं. मग त्याच शाळा त्या मुलांना काढून टाकतात.

दुसरी गोष्ट, शरीराची गरज ही उंबरठ्यापुरती असते. खुबा अमुक इतका उघडायला हवा, घोटा इतका ताणला जायला हवा की चवड्याच्या टोकावर उभं राहताना भार सरळ रेषेत उतरेल. तेवढं असलं की पुढचं जास्तीचं शरीर म्हणजे जास्तीचं नृत्य नव्हे. उलट अति लवचिक सांधे हा धोकाच. ज्या मुलीचा पाय सहज डोक्यामागे जातो तिचं सगळ्यांना कौतुक, पण तो पाय हवेत थांबवून धरायला तिला इतरांपेक्षा जास्त ताकद कमवावी लागते, नाहीतर दुखापती तिच्याच वाट्याला जास्त येतात. पावलाच्या कमानीचंही तसंच. फोटोत उंच कमान देखणी दिसते. पॉइंट शूजमध्ये, म्हणजे चवड्याच्या टोकावर उभं राहायच्या टणक बुटांत, तीच कमान पुढे कोसळायला पाहते.

हे आना पाव्लोव्हाला चांगलं माहीत होतं. विसाव्या शतकात बॅले हा शब्द जिच्यामुळे जगभर पोचला ती ही बाई. जन्म १८८१, अपुऱ्या दिवसांची, लहानपणापासून अशक्त. पीटर्सबर्गच्या शाही शाळेनं तिला पहिल्यांदा परत पाठवलं. वय कमी आणि तब्येत तोळामासा. दहाव्या वर्षी घेतलं. त्या काळी इटालियन नर्तिकांचा बोलबाला होता, घट्ट बांध्याच्या, पोलादी पायांच्या. पिएरिना लेन्यानीनं १८९५ साली 'स्वान लेक'मध्ये एका पायावर लागोपाठ ३२ फुएते, म्हणजे हवेतल्या पायाच्या झटक्यानं घ्यायच्या गिरक्या, घेतल्या तेव्हापासून प्रत्येक मुलीला त्या करून दाखवायच्या होत्या. पाव्लोव्हाही धडपडत होती. तिचे शिक्षक पावेल गेर्ट यांनी तिला थांबवलं. या कसरती दुसऱ्यांना करू दे, तुझे नाजूक स्नायू आणि पावलाची ती कमान यांच्यावर पडणारा ताण मला बघवत नाही, असं त्यांचं सांगणं होतं. तुझा नाजूकपणा हेच तुझं बळ आहे, हेही त्यांनीच तिच्या मनावर बिंबवलं.

मिखाईल फोकीननं तिच्यासाठी बसवलेला मरणाऱ्या हंसाचा नाच आठवून बघा. जेमतेम काही मिनिटांचा. त्यात एकही मोठी उडी नाही, गिरक्यांची आतषबाजी नाही. चवड्यांच्या टोकांवर अगदी बारीक बारीक पावलं टाकत ती रंगमंचभर तरंगत जाते आणि वर हात, मान, पाठ यांतून एक जीव विझत जातो. लेन्यानीचे ३२ फुएते मोजता येतात. यात मोजायला काहीच नाही. पाव्लोव्हा हा नाच जगभर नाचली. आपल्या कमानदार पावलांना आधार म्हणून ती बुटाच्या तळाला कडक चामडं घालून घ्यायची. ज्या पावलाला आज परीक्षक पैकीच्या पैकी गुण देतील ते तिच्या लेखी सांभाळून घ्यायचं दुखणं होतं.

भारतातही ती येऊन गेली, मुंबईतही नाचली. रुक्मिणी देवी अरुंडेल यांची तिच्याशी मैत्री जमली ती याच सुमारास. त्या तेव्हा चोविशीच्या आसपास होत्या, बॅले सुरू करायचं वय केव्हाच उलटलेलं. पाव्लोव्हानं आपल्याच संचातल्या क्लिओ नॉर्डीला त्यांना शिकवायला सांगितलं, आणि पुढे त्यांना स्वतःच्या परंपरेकडे वळायलाही तिनंच सुचवलं. त्यातून भरतनाट्यमचा पुढचा इतिहास घडला. समोरच्या बाईत नाच आहे एवढं पाव्लोव्हाला दिसलं होतं, आणि तेवढं तिला पुरलं.

आता कानाकडे येते, कारण माझा सगळा मुद्दा तिथे आहे.

आपल्याकडे गाणं ऐकणाऱ्याला हे समजावून सांगावं लागत नाही. गवई ठेक्यात असतो म्हणून आपण मान डोलावत नाही. तो समेवर कसा येतो, येताना किती रेंगाळतो, कुठे अलगद टेकतो, यावर दाद जाते. बॅलेतही तेच. मोजून नाचणारी मुलगी तालात असते, तिची चूक काढता येत नाही, आणि पाहणारा तरी कोरडा राहतो. ऐकून नाचणारी मुलगी ठोका पडायच्या आधी श्वास घेते, तो श्वास पाठीतून हातात उतरतो, आणि ठोका पडतो तेव्हा ती आधीच वाटेवर असते. संथ भागात तिचा पाय वर जाऊन थांबत नाही. सूर संपेपर्यंत तो वाढतच राहिल्यासारखा वाटतो. उंची कमी असली तरी. क्लासच्या काचेबाहेर बसून सहा वर्षं मी हे पाहिलं आहे. एकाच ओळीत एकाच उंचीवर पाय धरलेल्या बारा मुलींत नजर नेमकी एकीवर जाते, आणि ती सगळ्यांत लवचिक मुलगी क्वचितच असते.

इंग्लंडची नर्तिका मार्गो फॉन्टेन हिचे पाय मऊ आणि कमजोर, असं तिच्या काळी लंडनमध्ये उघड बोललं जायचं. गिरक्या घेताना ती जागा सोडून सरकायची. तरी १९४९ साली न्यूयॉर्कमध्ये 'स्लीपिंग ब्यूटी' नाचून तिनं आपल्या संचाला जगाच्या नकाशावर आणलं. त्यातला रोझ अडाजिओ हा संथ नाच नर्तिकेच्या तोलाची कसोटी मानला जातो. सोळा वर्षांची राजकन्या, चार राजपुत्र. एका पायाच्या टोकावर उभी राहून ती एकेकाचा हात धरते, तो तिला सावकाश फिरवतो, हात सुटतो, क्षणभर ती एकटी तोलून उभी राहते, मग दुसऱ्याचा हात. बहुतेक जणी तो क्षण लांबवायचा प्रयत्न करतात आणि प्रेक्षक श्वास रोखून सेकंद मोजतात. फॉन्टेनचं चित्रीकरण पाहा. ती प्रत्येक राजपुत्राकडे वेगळं बघते. एकाला लाजते, दुसऱ्याशी नुसतं सौजन्य, आणि हात सुटतो तोही वाद्यवृंदानं सोडवल्यासारखा. तोल हा त्या नजरेच्या मागे लपलेला असतो. पुढे १९६२ साली, बेचाळिसाव्या वर्षी, तिच्या निवृत्तीची चर्चा चालू असताना रशियन नर्तक रुडॉल्फ नुरेयेवबरोबर तिनं 'जिझेल' केलं आणि दोघांची जोडी पुढची कित्येक वर्षं गाजत राहिली. नुरेयेव तरी कोण? लेनिनग्राडच्या, म्हणजे पीटर्सबर्गच्याच शाळेत पोचला तेव्हा सतरा वर्षांचा होता. इतर मुलं तोवर शाळा संपवत आणलेली असतात.

दुसरा गुण म्हणजे दुरुस्ती घेणं. ऐकायला साधा वाटतो. जगातल्या कुठल्याही मोठ्या संचात मुख्य नर्तिकासुद्धा रोज सकाळी दांडी धरून उभी राहते आणि पहिल्या दिवशीच्या मुलीसारखीच प्लिएपासून सुरुवात करते. गुडघे वाकवायचे, सरळ करायचे. या रोजच्या तासात शिक्षक सतत बोलत असतात. खांदा खाली, टाच पुढे, बरगड्या मिटवा. बहुतेक मुलं आपलं नाव घेतलं की सुधारतात आणि शिक्षक पुढे गेले की परत मूळपदावर येतात. काही मुलं दुसरीला सांगितलेली चूकही स्वतःत तपासून पाहतात. आणि फार थोडी मुलं दुसऱ्या दिवशी पहिल्या तांद्यूपासून, म्हणजे पाय ताणून जमिनीवरून सरकवण्यापासूनच, कालची दुरुस्ती घेऊनच येतात, कुणी न सांगता. ही मुलं पुढे जातात. मी ज्या ज्या शिक्षकांशी बोलले त्या सगळ्यांनी हे मान्य केलं, आणि त्यांतल्या एकाच्याही निवडचाचणीत हे पाहायची सोय नव्हती. एका दिवसात ते दिसणारच कसं?

सराव शरीर घडवतो म्हणतात, पण तो त्याहून आत पोचतो. २०१३ साली लंडनच्या इम्पीरियल कॉलेजच्या संशोधकांनी २९ बॅले नर्तिका आणि तुलनेसाठी २० नौका वल्हवणाऱ्या बायका यांना अंधारात फिरत्या खुर्चीत बसवलं. खुर्ची थांबल्यावर आपण अजून फिरतोय असा भास नर्तिकांना बराच कमी वेळ झाला. मेंदूच्या चित्रांतही, कानातून येणारे तोलाचे संदेश जिथे पोचतात त्या भागात फरक दिसला. वर्षानुवर्षांच्या गिरक्यांनी त्यांचा मेंदू तो गोंधळ दाबायला शिकला होता, असा अर्थ संशोधकांनी लावला. नवव्या वर्षी कुणाची कवटी चाचपून हे कळलं असतं का?

याचं सगळ्यांत मोठं उदाहरण मला आलिसिया अलोन्सोचं वाटतं. क्युबाची मुलगी, न्यूयॉर्कमध्ये उमेदवारी करत होती, आणि विशीच्या आतबाहेर असताना तिच्या डोळ्यांचे पडदे निसटले. शस्त्रक्रिया झाल्या. डॉक्टरांनी महिनोन्‌महिने डोकंसुद्धा न हलवता पडून राहायला सांगितलं. नाचणाऱ्या बाईला याहून मोठी शिक्षा नाही. त्या अंथरुणात तिनं 'जिझेल' बसवलं. नवरा फर्नांदो तिला पदन्यास बोटांनी दाखवायचा, ती आपल्या बोटांनी चादरीवर ते करून पाहायची. दोन बोटं म्हणजे दोन पाय. संगीत डोक्यात. अख्खा बॅले तिनं असा पाठ केला. १९४३ च्या नोव्हेंबरात मूळ नर्तिका आजारी पडली आणि अलोन्सो न्यूयॉर्कच्या रंगमंचावर जिझेल म्हणून उभी राहिली, तेव्हा तिला समोरचं धड दिसत नव्हतं. रंगमंचाची कड कळावी म्हणून पुढे तिच्यासाठी ठळक दिवे लावले जात आणि सहनर्तक ठरल्या जागी नेमके हजर राहत. अशी ती कित्येक दशकं नाचली. १९४८ साली तिनं हवानात जो संच उभा केला तोच पुढे क्युबाचा राष्ट्रीय बॅले झाला, आणि तिथल्या मोफत शाळांतून कार्लोस अकोस्तासारखा ट्रकचालकाचा मुलगा लंडनच्या रॉयल बॅलेच्या मुख्य नर्तकपदापर्यंत गेला.

अलोन्सोच्या त्या दिवसांत तिच्या शरीरापैकी काय उरलं होतं? खुबा, कमान, लांब मान, सगळं अंथरुणाला खिळलेलं. नाच मात्र चालू होता. मग नाच राहतो कुठे, या प्रश्नाचं याहून स्वच्छ उत्तर मला माहीत नाही.

यावर जाणकार जे म्हणतात ते मी ऐकलं आहे. पहिलं, बॅले ही डोळ्यांची कला आहे, रेषा महत्त्वाची, आणि समूहातल्या चोवीस हंसिणी एकसारख्याच दिसायला हव्यात. हे खरं आहे. पण तो प्रश्न अठराव्या वर्षी संचात घेताना येतो. चोवीस सारख्या मुली लागतात म्हणून नऊ वर्षांच्या हजारो मुलींना दारातून परत पाठवायचं हा हिशेब मला पटत नाही. आणि एकसारखेपणा म्हणजे सारखी शरीरं नव्हेत. चोवीस जणी एका श्वासात वळल्या की त्या एकसारख्या दिसतात, हेही पुन्हा कानाचंच काम.

दुसरं म्हणणं जास्त वजनदार आहे. ही चाळणी मुलांच्या भल्यासाठीच आहे. ज्यांचं शरीर साथ देणार नाही त्यांना आठ वर्षं राबवून मोडून टाकण्यापेक्षा आधीच सांगितलेलं बरं. मला हे प्रामाणिक वाटतं. पण नाकारलेली मुलं जातात कुठे? त्यांतल्या ज्यांना नाचायचंच आहे त्या गल्लीतल्या क्लासला जातात, जिथे ना डॉक्टर असतो ना फिजिओथेरपिस्ट, आणि पालकांना गॅदरिंगला फोटो हवा म्हणून दहाव्या वर्षीच पायात पॉइंट शूज चढवले जातात. कागद, कापड आणि खळ यांचे थर वाळवून केलेली ती टणक पेटी, वरून सॅटिन. नीट तयारी नसलेल्या, अजून वाढत्या हाडांच्या पावलावर तीत अख्ख्या शरीराचा भार येतो. म्हणजे ज्यांना सांभाळून शिकवायची सर्वांत जास्त गरज, त्यांच्याच वाट्याला सर्वांत निष्काळजी शिक्षण.

आणि जी निवडली जातात ती तरी सुखात असतात का? शरीर हाच प्रवेशाचा परवाना असला की तो रोज तपासला जातो. २०१९ साली व्हिएन्नाच्या सरकारी ऑपेराच्या बॅले अकादमीची चौकशी झाली. तिच्या अहवालात मुलांच्या आरोग्याची हेळसांड नोंदली गेली आणि बारीक राहण्यासाठी धूम्रपान करायचा सल्ला मुलांना मिळत होता, हेही उघड झालं. मॉस्कोच्या बोल्शोई या नावाजलेल्या संचानं २००३ साली नर्तिका अनास्तासिया वोलोच्कोवाला जड आणि उंच आहे म्हणून काढलं होतं आणि न्यायालयाला तिला परत घ्यायला सांगावं लागलं. ती तरी मोठी, नावाजलेली, न्यायालयात जाऊ शकणारी बाई. बारा वर्षांची मुलगी कुठे जाणार? ती डबा तसाच परत आणते.

ज्या बाईंचं नाव त्या पीटर्सबर्गच्या अकादमीला आहे त्या आग्रिपिना वागानोवा यांचीही गोष्ट सांगायला हवी. बुटक्या, दणकट पायांच्या, हात फारसे लांब-देखणे नाहीत. त्या काळचे सर्वांत मोठे बॅलेरचनाकार मारिउस पेतिपा यांनी खुद्द आपल्या रोजनिशीत त्यांच्या नाचाबद्दल वाईट लिहून ठेवलं आहे. १८९७ साली शाळेतून बाहेर पडलेल्या वागानोवांना बॅलेरिना हे नर्तिकेचं सर्वोच्च पद मिळायला १९१५ उजाडलं, आणि पुढच्याच वर्षी त्या निवृत्त झाल्या. शरीरानं आपणहून काही दिलं नाही, म्हणून प्रत्येक पायरी कशी होते, जोर कुठून येतो, पाठ हाताला कशी चालवते, हे त्यांना एकेक उलगडून शोधावं लागलं. त्या शोधातूनच त्यांची शिकवण्याची पद्धत जन्मली. १९३४ साली त्यांनी ती पुस्तकात मांडली आणि ती आज जगभर शिकवली जाते. मारिना सेम्योनोवा, गालिना उलानोवा या त्यांच्या विद्यार्थिनी. उलानोवा १९५६ साली बोल्शोईबरोबर लंडनला गेली तेव्हा शेहेचाळीस वर्षांची होती, आणि तेरा वर्षांची ज्युलिएट म्हणून धावत सुटली तेव्हा प्रेक्षकांना तिचं वय आठवलं नाही. वागानोवांसारखी मुलगी आज त्यांच्याच नावाच्या शाळेत पहिल्या फेरीपुढे जाईल, असं मला वाटत नाही. या पद्धतीविरुद्ध याहून मोठा पुरावा काय द्यायचा?

आपल्या मुंबईतलंही उदाहरण आहे. टॅक्सीचालकाचा मुलगा मनीष चौहान आणि वेल्डरचा मुलगा अमीरुद्दीन शाह. दोघंही उड्या आणि कसरती करत नाचाकडे आलेले, बॅले म्हणजे काय हे माहीत नसलेले, आणि युरोपातल्या शाळेच्या हिशेबानं सुरुवात करायचं वय कधीच टळून गेलेले. मूळचे इस्रायलचे येहुदा माओर या वयस्क शिक्षकांनी त्यांना मुंबईत हाताशी धरलं. अमीरुद्दीन २०१७ साली लंडनच्या रॉयल बॅले स्कूलमध्ये दाखल झाला. दहाव्या वर्षी पीटर्सबर्गला नेलं असतं तर ही मुलं निवडली गेली असती की नाही, ते जाऊ द्या. पण त्यांना आधी शिकवलं गेलं आणि मग पारखलं गेलं. माझी मागणी नेमकी हीच आहे.

आधी शिकवा, मग पारखा. येईल त्या मुलाला एक-दोन वर्षं शिकू द्या, प्रत्येकाच्या खुब्याला जेवढं झेपेल तेवढंच वळवून. पॅरिसच्या शाळेतही निवडलेल्या मुलांचा काही काळ उमेदवारीचा असतो. तोच चाळणीच्या आधी आणायचा. निवडायचंच असेल तेव्हा आज एक छोटी रचना शिकवा आणि आठवड्यानं पुन्हा पाहा, कुणात काय मुरलं. तीच रचना वेगळ्या संगीतावर लावा आणि कुणाचं अंग बदललं ते बघा. डॉक्टरांची तपासणी जरूर ठेवा, पण ती मुलाला कसं शिकवायचं हे ठरवण्यासाठी. आणि तिचा निकाल मुलासमोर उभा राहून सांगू नका. वर्गातला वजनकाटा उचलून बाहेर ठेवा. पॉइंट शूज केव्हा, हे फिजिओथेरपिस्टला ठरवू द्या. यातल्या कशालाही फार पैसा लागत नाही. एक-दोन वर्षांचा धीर लागतो, आणि पालकांनीही तो दाखवायला हवा. आपणच पहिल्या दिवशी विचारतो, "हिचं शरीर आहे का हो बॅलेचं?"

भाची आता पंधरा वर्षांची आहे. दुसऱ्या एका छोट्या क्लासला जाते, तिथल्या सरांनी कधी तिला बेडूक करायला लावलं नाही. खुबा अजूनही पूर्ण उघडत नाही. ती जेवढा उघडतो तेवढ्यातच नाचते. पुढे ती नर्तिका होईल की इंजिनीअर, मला माहीत नाही. परवा लोकलमध्ये माझ्या शेजारी खिडकीपाशी बसली होती, कानात इअरफोन, डोळे बाहेर, मांडीवर दप्तर. दप्तरावर तिची दोन बोटं उभी होती. एक वाकलं, दुसरं हळूच बाजूला सरकलं, टोकावर आलं, थांबलं. मग नाक मुरडून तिनं पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं.